हळद खळ्यात असताना

शिजत्या हळदीचा वास आला की अजूनही माझं तोंड आपोआप मिटतं. आता हळद काहिलीत, त्या मोठ्या पसरट कढईत, शिजत नाही. मोठाल्या लोखंडी पिंपांत वाफ सोडतात आणि बघता बघता काम उरकतं. पण वास तोच आहे. ओल्या मातीचा, मुळांचा, थोडा कडवट, थोडा गोडसर, नाकातून थेट घशात उतरणारा. परवा तो आला तेव्हा माझी नात ओट्यावर बसून इंग्रजीचा धडा मोठ्यानं वाचत होती. हवामानाचा धडा होता. क्लाउड, विंड, स्टॉर्म... पुढचा शब्द तिच्या ओठांवर यायच्या आत मी घरातून ओरडले, "हळू!" ती दचकली. मीही दचकले. "काय झालं, आजी?" तिनं विचारलं. जन्मभर शाळेत पोरी पुटपुटतात म्हणून ओरडत आलेली बाई मी, आणि घरची पोर मोठ्यानं वाचते म्हणून ओरडले.

काय झालं ते सांगायचं तर एका जुन्या फाल्गुनात जावं लागेल. कुरुंद्याला, माझ्या सासरच्या खळ्यावर. निजामाचं राज्य होतं. दूर कुठंतरी मोठी लढाई चालू होती आणि तिच्यापायी आमच्याकडं रॉकेल मिळत नव्हतं. त्या लढाईचा आणि माझा संबंध एवढाच, पण तो मला चांगलाच भोवला. कंदील म्हणजे चैन झाली होती. दिवस मावळला की जेवणं आटोपून घर अंधारात गुडूप व्हायचं. त्यामुळे अभ्यास करायचा तर दिवसा, आणि दिवसा सगळं घर खळ्यावर. म्हणून पुस्तकही खळ्यावर आलं. तिथूनच सगळी भानगड सुरू झाली.

माझे वडील वसमतला मास्तर होते. त्यांनी मला उर्दू शिकवली, गणित शिकवलं, मिडलच्या परीक्षेपर्यंत आणलं. बाकीचे विषय सुटले, इंग्रजी तेवढी राहिली. मग लग्न झालं. सासरी येताना शालूच्या घडीत मी ते इंग्रजीचं पुस्तक लपवून आणलं होतं, आणि ते पहिल्याच आठवड्यात आत्याबाईंच्या हाती लागलं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. उंच, काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि आवाज असा की बैल दावं ओढायचे थांबत. मला वाटलं, गेलं पुस्तक चुलीत. त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं, चित्रं पाहिली आणि विचारलं, "हे शिकून काय करशीन?"

मी सांगितलं. वसमतला मुलींची शाळा निघणार आहे. शिकवायला बाई पाहिजे. मिडल पास बाई.

त्यांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाल्या, "आमच्या सोनीला शाळंत घालायची व्हती. मास्तर गडी माणूस, म्हणून न्हाई घातली. लई रडली लेकरू." सोनी म्हणजे माझी नणंद. तेव्हा ती दोन लेकरांची आई होऊन तिच्या सासरी नांदत होती. पुस्तक माझ्या हातात देत आत्याबाई म्हणाल्या, "एक डाव देते तुला. पास झालीस तर तू शाळंत जा. न्हाई झालीस तर हे पुस्तक माळ्यावर, अन् पुना नाव काढायचं न्हाई."

एक डाव. चैत्रात हिंगोलीला परीक्षा, लेखी आणि तोंडी. माझं मास्तरीण होणं न होणं सगळं त्यावर येऊन ठेपलं.

त्या फाल्गुनातलं खळं मला आजही डोळे मिटले की दिसतं. शेणानं सारवलेली गुळगुळीत जमीन, तिच्यावर पसरलेली शिजलेली हळद, आणि चहूकडं ऊन. त्या उन्हाला आमच्याकडं वेगळाच रंग चढायचा. बायांचे तळवे पिवळे, टाचा पिवळ्या, भाकरी पिवळी, खळ्यात लोळणारं कुत्रंसुद्धा पिवळं. लांब बांधावर पळस फुलायचा. एका बाजूला काहिलीखाली कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या धडधडत असायच्या आणि काहिलीवर हळदीचाच पाला झाकलेला असायचा. पांढरा फेस वर आला, वास पालटला की हळद शिजवणारे थावरूबाबा काडी टोचून पाहायचे. काडी आरपार गेली की घाणा उतरवायचा, ऊन ऊन हळद खळ्यावर ओतायची, पांगवायची. मग रोज उलथायची. पहिल्या दिवशी ती मऊ असते, बोटानं दाबली जाते. दिवस जातील तशी कडक होत जाते. शेवटी उलथताना खुळखुळ वाजायला लागते, आणि हळकुंड मोडलं तर काटकन आवाज येतो. तो आवाज येईपर्यंत घरात कुणाच्या जिवाला स्वस्थता नसते. कारण मधेच भिजली तर हळद काळवंडते, बुरसते, आणि वर्षभराची मेहनत मातीमोल होते.

म्हणून घरात एक नेम होता. हळद खळ्यात असेतो पावसाचं नाव घ्यायचं नाही. ढगाचं नाही, गारांचं नाही, विजेचं नाही. नाव घेतलं की येतं. अगदीच बोलायची वेळ आली तर पावसाला पाव्हणा म्हणायचं, ढगाला घोंगडी, गारांना फुटाणे. वीज म्हणजे नुसतं 'ती'. हसू नका. आपण सगळे असंच बोलतो. दिवा विझला म्हणत नाही, दिव्याला निरोप दिला म्हणतो. बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो. रात्रीच्या सापाला लांबडं म्हणतो. आणि आम्हा बायकांना तर ही विद्या बोहल्यावरच मिळायची. नवऱ्याचं नाव न घेता जिला अख्खा संसार करता येतो, तिला पावसाचं नाव न घेता महिना काढणं काय अवघड आहे?

पण मला हा नेम कुणी सांगितलाच नाही. सासरचा पहिला हंगाम, आणि मी वसमतच्या मास्तराची लेक. आमच्याकडं हळद पुडीतून यायची.

त्या दुपारी मी खळ्याच्या कडेला, बाभळीच्या सावलीत बसले होते. पाखरं-गुरं हुसकायचं काम माझ्याकडं होतं. पुस्तकात मागं हवा-पाण्याचे शब्द होते आणि वडिलांची शिकवण अशी, की शब्द अर्थासकट मोठ्यानं घोकायचा. मी सुरुवात केली. "रेन म्हणजे पाऊस. क्लाउड म्हणजे ढग. हेल म्हणजे गारा. रेन म्हणजे पाऊस..."

खळ्यावरचे हात थांबले. शेजारच्या तांड्यावरच्या बाया हळद उलथत होत्या, त्या वाकल्या तशाच राहिल्या. थावरूबाबांनी चिलीम तोंडातून काढली. आत्याबाई काहिलीपाशी होत्या, तिथून तरातरा आल्या, खळ्यातली चिमूटभर हळद उचलून आभाळाकडं फेकली, दृष्ट काढावी तशी दोन्ही हातांनी माझ्या गालांवर बोटं मोडली आणि म्हणाल्या, "अगं ए वच्छे! काय करून राहिलीस? बोलवतीस का त्याला?"

सगळा प्रकार कळल्यावर मला रडूच आलं. आता अभ्यास करायचा कसा? पुस्तकातली ती पानं सोडावी म्हटलं तर वडिलांनी बजावलं होतं, तोंडी परीक्षेत हवा-पाणी हमखास विचारतात. हळद खळ्यातून निघायला अजून महिना, परीक्षेलाही महिना. घोकावं तर हळद जाणार, न घोकावं तर एकुलता एक डाव जाणार.

संध्याकाळी भाकरी थापता थापता आत्याबाईच म्हणाल्या, "तुह्या त्या भाषेतलंच तेवढं म्हण. आपल्यातलं नको म्हणू."

"अन् आभाळाला समजलं तर?" मी विचारलं.

"आपलं आभाळ काय विंग्रजी शिकलंय?"

झालं, हा निकाल दुसऱ्या दिवशी खळ्यावर जाहीर झाला आणि लगेच त्यावर अपील आलं. अपील थावरूबाबांचं. थावरूबाबा आमच्या शेजारच्या तांड्यातले. हळद शिजवायला दरवर्षी तेच असत. त्यांच्या मागच्या पिढ्या बैलांवर धान्य, मीठ लादून मुलुखभर हिंडलेल्या. ते म्हणाले, "मालकीणबाई, म्या न्हाई म्हणत न्हाई. पण हिंगोलीला गोऱ्यांची छावणी व्हती. माह्या बापानं बैलावर गहू लादून तिथं पोचवला हाय. गोरा सायब रोज सकाळी मैदानात उभा राहून वरडायचा. आभाळ वरून ऐकूनच राहिलं व्हतं की. इतके वर्सं ऐकलं, तिथलं आभाळ विंग्रजी शिकल्याबिगर राहीन व्हय?"

बाया घाबरून आत्याबाईंकडं पाहू लागल्या. आत्याबाईंनी क्षणभरच विचार केला. "हिंगोली हिंगोलीत," त्या म्हणाल्या. "कुरुंद्याचं आभाळ अडाणी हाय."

आणि अर्थाचं काय? अर्थ तर पाठ करायलाच हवा. त्यावरही त्यांनीच तोड काढली. आपला खळ्यावरचा अर्थ लाव म्हणाल्या. तेव्हापासून मी घोकू लागले, "रेन म्हणजे पाव्हणा. क्लाउड म्हणजे घोंगडी. हेल म्हणजे फुटाणे." 'हे', म्हणजे माझे यजमान, बैलांना पाणी पाजता पाजता हसून बेजार व्हायचे.

मग एक मजा झाली. रोज रोज ऐकून ते शब्द साऱ्या खळ्याच्या तोंडी बसले. लोकांना इतकी वर्षं पाव्हणा, घोंगडी करत बोलावं लागत होतं, आणि आता आयतेच निर्धोक शब्द हाती आले. हळद उलथणारी एखादी बाई कमरेवर हात ठेवून वर बघायची आणि म्हणायची, "आज क्लाउड न्हाई एकबी." दुसरी म्हणायची, "पण विंड लई सुटलंय." आत्याबाईंना ड्यू फार आवडला. पहाटे कापूस वेचायला गेल्या की परत येऊन सांगायच्या, "आज ड्यूनं पदर भिजला बघ." तो शब्द त्या असा उच्चारायच्या, जणू कुणा सुनेचं लाडाचं नाव आहे.

एकदा त्यांनी विचारलं, "अन् हे सोनो काय हाय?"

"स्नो. बर्फ पडतं आभाळातून. पांढरं. कापसासारखं."

"कुठं?"

"त्यांच्या मुलखात."

त्यांनी खळ्याकडं पाहिलं. "अगं बया! मंग त्यांची हळद वाळती कशी?"

"त्यांच्याकडं हळद नाही, आत्याबाई."

गोऱ्या माणसाची त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कीव आली असावी. जखम झाली तर लावायला नाही, नवऱ्या मुलीच्या अंगाला नाही, वरणात नाही. संध्याकाळपर्यंत मधेमधे च्च च्च करत होत्या.

मलाही तेव्हा त्या पुस्तकाची गंमत वाटायची. भुरभुर, धुकं, दंव, गारठा अशा ओल्या आणि थंड गोष्टींना त्यात किती शब्द! जणू ती माणसं सदा खिडकीत बसून भिजणारी बागच पाहत असावीत. पण आमच्या उन्हाला त्यांच्याकडं फक्त सन आणि हीट. दुपारी बांधावर थरथरताना दिसते ती झळ, भिंतीतून येते ती धग, वारा पडल्यावर जिवाची काहिली करतो तो उकाडा, यांना काहीच नाही. आणि शिराळ? एखादा ढग सूर्यावरून जातो, शेतावरून सावली सरकत येते, अंगावर गार शहारा येतो, पुन्हा ऊन. आमच्याकडं त्याला शिराळ पडलं म्हणतात. मी पुस्तकात पुष्कळ शोधलं. शेवटी पानाच्या कोपऱ्यात माझ्या हातानं लिहून ठेवलं. हात पिवळे होते, पानाला ठसे उमटले. अजून आहेत. हळदीमुळं त्या पानांना कसर लागली नाही.

असं करत फाल्गुन सरला. होळीही होऊन गेली. घाण्यामागून घाणा वाळला, पोत्यांत गेला. परीक्षेचा दिवस आला तेव्हा खळ्यात फक्त शेवटचा घाणा उरला होता. पण तोच सगळ्यांत मोठा होता, चांगल्या जाड हळकुंडांचा, आणि अजून खुळखुळत नव्हता.

'यांना' खळं सोडता येईना, म्हणून माझ्यासोबत आत्याबाई निघाल्या. पहाटे छकड्यानं वसमत, तिथून आगगाडीनं हिंगोली. निघताना थावरूबाबा काहिली घासत होते. त्यांनी एकदाच विचारलं, "पोरगी तिथं विंग्रजीत बोलणार ना?" आत्याबाई म्हणाल्या, "त्याच्यासाठीच चाललोय की." ते पुन्हा काहिली घासू लागले. मला मात्र गाडीत बसल्यापासून छावणीचं मैदान आणि ओरडणारा साहेब आठवत होता.

लेखी सकाळीच झाली, बरी झाली. तोंडीच्या वेळी बाहेर व्हरांड्यात आत्याबाई खांबाला टेकून बसल्या, मांडीवर भाकरीचं फडकं. आत हैदराबादेहून आलेल्या बाई होत्या. पांढरी साडी, गळ्यात बारीक साखळी, समोर टेबल आणि बाजूला उघडी खिडकी. त्यांनी मला उतारा वाचायला लावला. वाचला. मग शब्द विचारायला लागल्या. अर्थ मराठीत सांग म्हणाल्या, त्यांना मराठी समजत होती.

"हेल?"

"फुटाणे."

त्यांनी भुवया वर केल्या. "क्लाउड?"

"घोंगडी."

तोंडून गेलं आणि मी जीभ चावली. महिनाभराची सवय. बाईंनी लेखणी खाली ठेवली. "ये कौन सिखाया?"

"सासूबाईंनी," मी म्हणाले. आणि मग अडखळत अडखळत उर्दूत हळदीचं, खळ्याचं, नेमाचं सगळं सांगून टाकलं. त्या हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत. हनुवटीवर बोट ठेवून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "अच्छा. मराठी में मत बोलो. अंग्रेजी में बोलो. डरो नक्को. खिडकी के बाहर देखो और बताओ, क्या दिखता?"

मी बाहेर पाहिलं. सकाळी लख्ख असलेलं आभाळ वसमतच्या बाजूनं काळंभोर झालं होतं. झाडं एकदम थांबली होती.

"देअर इज अ क्लाउड," मी म्हणाले.

"गुड. अँड देन? अब क्या होगा?"

उत्तर मला येत होतं. तीनच शब्द. महिनाभर मी ते शेकडो वेळा म्हटले होते. पण ते कुरुंद्याच्या अडाणी आभाळाखाली. हे हिंगोलीचं आभाळ होतं. माझ्या डोळ्यांसमोर तो शेवटचा घाणा आला, जाड जाड हळकुंडं, पाला काढून काढून भाजलेले बायांचे हात. माझे ओठ उघडेनात. बाई वाट पाहत होत्या. त्यांनी पुन्हा लेखणी उचलली. एक डाव, तो असा चालला होता, आणि मला तोंड उघडता येत नव्हतं.

तेवढ्यात खिडकीत लाल कुंकू दिसलं. आत्याबाई उठून आल्या होत्या. त्यांना प्रश्न कळला नसणार, पण क्लाउड कळलं होतं, आभाळ दिसत होतं, आणि सून गप्प बसली आहे हे ऐकू येत होतं.

"वच्छे," त्या म्हणाल्या, "काहून गप बसलीस? म्हण की ते!"

"आत्याबाई, हळद..."

"हळद माही हाय. म्या सांगून राहिले ना? म्हण. मोठ्यानं म्हण."

परीक्षेच्या बाईंनी त्यांना हटकायला हवं होतं. त्या नुसत्या बघत राहिल्या. मी दोन्ही मुठी आवळल्या आणि म्हणाले, "इट विल रेन." इतक्या जोरात म्हणाले की व्हरांड्यातली माणसं वळून पाहू लागली. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला जायला सांगितलं.

आगगाडीनं आम्ही दोघी परत निघालो. वसमतला उतरून छकड्यात बसलो आणि अर्ध्या वाटेवर पहिले थेंब आले. टपोरे, धुळीत टपटप पडणारे. मातीचा वास उठला. एरवी ज्या वासानं जीव सुखावतो, त्यानं त्या दिवशी मला हुंदका आला. मी पदरात तोंड खुपसून रडायला लागले.

"रडतीस काहून?" आत्याबाई म्हणाल्या. "तू पाडलास का? तुह्या तोंडानं पडत असता तर तुला मिरगात शेतात उभी केली असती."

रडता रडता मला हसू फुटलं. त्यांनी हात छकड्याबाहेर काढला. तळव्यावर थेंब पडू दिले, पिवळ्या रेषांमधून पाणी वाहू दिलं. आणि म्हणाल्या, "रेन." अगदी स्पष्ट. थोड्या वेळानं विचारलं, "हे ड्रिझल हाय का गं?"

"नाही, आत्याबाई. शॉवर."

"शावर," त्यांनी म्हणून पाहिलं. माझी पहिली विद्यार्थिनी ती. पण तिची नजर सारखी कुरुंद्याच्या दिशेला जात होती. वर्षभराची हळद तिची होती, आणि ती तिनं माझ्यासाठी खिडकीतून सोडून दिली होती. मला तिचा भिजलेला हात धरावासा वाटला. मी धरला. सासूचा हात असा धरायची तेव्हा रीत नव्हती.

खळ्याशी पोचलो तर खळं मोकळं. सारवलेल्या जमिनीवर नुसतं पाणी. एक हळकुंड नाही. आत्याबाई छकड्यातून उतरल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. मग दिसलं, आमचे बैल, गाय, वासरू सगळी कडुलिंबाखाली बांधलेली, भिजत उभी. आणि गोठ्याच्या दारात थावरूबाबा चिलीम ओढत बसलेले. त्यांच्या मागं गोठाभर हळद, कोरडी, वर घोंगड्या पांघरलेली. 'हे' हळदीच्या ढिगाला टेकून हसत होते.

"कवा गोळा केली?" आत्याबाईंनी विचारलं.

"सकाळीच."

"सकाळी तर ऊन व्हतं!"

"ऊन व्हतं," थावरूबाबा शांतपणे म्हणाले. "पण सून हिंगोलीला बोलायला गेली व्हती ना. म्या म्हणलंच व्हतं, तिथलं आभाळ समजतं."

आत्याबाईंना हसू आवरेना. ओल्या पदरानं डोळे पुसत त्या हसत राहिल्या. मला मात्र वेगळंच वाटत होतं. मी धीर करून विचारलं, "बाबा, अन् मी बोललेच नसते तर? भिऊन गप्प राहिले असते तर?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "न बोलून कसं चालंल? पास व्हायचं ना तुला?"

मी पास झाले. वसमतची शाळा निघाली आणि तिथं बाई म्हणून मी उभी राहिले. पहिल्या दिवशी आत्याबाई सोनीच्या थोरल्या लेकीचं बोट धरून आल्या आणि तिला माझ्यासमोर बसवून गेल्या. पुढं राज्य गेलं, लढाई विसरली गेली, रॉकेल आलं, वीज आली. आत्याबाई गेल्या, थावरूबाबा त्यांच्याही आधी. पण इतक्या वर्षांच्या मास्तरकीत हवामानाचा धडा मी फाल्गुनात कधी शिकवला नाही. पुढचा धडा आधी घ्यायची, हा मागून. वरिष्ठांनी कारण विचारलं की काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची. मुलींना वाटायचं, बाईंना तो धडा अवघड जातो.

परवा नातीला हळू म्हणून ओरडले, ती हीच सवय. ती पुस्तक मिटून बसली होती. मी बाहेर ओट्यावर गेले. अंगणात ताडपत्रीवर हळद पसरली होती, अजून मऊ, पिवळीजर्द. वसमतच्या बाजूला एक ढग होता. लहानसाच. अंगणावर शिराळ पडलं आणि पुढं सरकलं.

"कुठपर्यंत आली होतीस?" मी विचारलं.

"स्टॉर्मपर्यंत."

"मग पुढचा म्हण की."

तिनं हळदीकडं पाहिलं. ती आमच्या घरची पोर आहे, तिला कुणी न सांगता कळतं. "आजी, आणि खरंच आला तर?"

"आला तर गोठा मोकळा करू," मी म्हणाले. "तू म्हण. मोठ्यानं म्हण."